बबरू, तुझं रजिस्टर पाकीट माझ्याकडं आहे

बबरू, मला भीती वाटतेय. तू असतास तर हे मी तुझ्याजवळ कधीच बोललो नसतो, कारण संध्याकाळपर्यंत तू अख्ख्या नांदूरघाटात दवंडी पिटली असतीस, "आप्पा घाबरलाय रे, बघाया चला." आता पिट म्हणावं तर तू नाहीस. तेवीस दिवस झाले. दुपारी तीनच्या सुमाराला दुकानासमोर फटफटी थांबली की माझी मान आपोआप वर होते. येतं ते गिऱ्हाईक असतं. मी त्याला काय पाहिजे ते विचारायचंही विसरतो.

माणूस गेल्यावर त्याच्यावर लिहितात तसं चांगलंचुंगलं लिहायला बसलो होतो. वायरमन बबरूवान, लेखक बबरूवान, गावाचा दिवा विझला वगैरे. दोन ओळी लिहिल्या आणि फाडल्या. असलं काही वाचून तू म्हणाला असतास, "कावून एवढं लोणी लावतोस बे?" आणि खरं सांगायचं तर लोणी लावायची माझी लायकी राहिलेली नाही. का, तेच सांगायला बसलोय.

तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कौसल्यावहिनी दुकानात आल्या. हातात खताच्या गोणीची शिवलेली पिशवी होती. ती त्यांनी फळीवर ठेवली.

"आप्पा, ह्ये तुमच्याच कामाचं दिसतंय. रद्दीत घालायला हात व्हईना. तुमी बगा."

पिशवीत पाकिटं होती, एकोणीस. प्रत्येकावर पाठवणाऱ्याच्या जागी तुझं नाव आणि घेणाऱ्याच्याही जागी तुझंच. वर रजिस्टरचे शिक्के, मागे पेन्सिलीनं लेखाचं नाव. फोडलेलं एकही नव्हतं. वहिनी गेल्यावर मी ती एकेक करून बघत गेलो, आणि बाराव्या की तेराव्या पाकिटाच्या मागं 'बाजार, रुमाल' असं वाचलं. समोर उभ्या गिऱ्हाइकाला मी साखरेऐवजी मीठ बांधून दिलं.

हे पाकिटांचं खूळ तुला कुठून लागलं ते मला ठाऊक आहे. आपण दोघंही तेव्हा नवशिके. मी भुसार दुकानदार, तू खांबावर चढणारा. मजकूर कागदाच्या एकाच बाजूला लिहायचा, डावीकडं समास सोडायचा, सोबत आपला पत्ता लिहिलेलं आणि तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं, एवढं कुठंतरी वाचून आपण लेख धाडायला लागलो. 'साभार परत' आलं की तू ते पाकीट माझ्या नाकाशी धरून म्हणायचास, "हुंग, संपादकाच्या चहाचा वास येतोय का." एकदा मी शहाणपणा केला आणि एकच लेख तीन ठिकाणी पाठवला. त्यातल्या दोघांनी एकाच रविवारी छापला. पहिल्या संपादकाचा फोन आला तेव्हा मी वजनाच्या काट्याआड बसून घेतलं होतं आणि तू फोनवर सांगत होतास की आप्पा मांजरसुंब्याला जातो म्हणून गेलाय, अजून आला न्हाई. त्या संपादकानं पुढं दोन वर्षं माझं काहीच घेतलं नाही. तेव्हापासून 'हा लेख अन्यत्र पाठवलेला नाही' हे वाक्य मी लेखाच्या आधी लिहायला लागलो.

मग तुझा तो विजेच्या खांबांवरच्या घरट्यांचा लेख. पाठवलास, उत्तर नाही, आणि चार महिन्यांनी तोच मजकूर थोडा इकडंतिकडं करून एका पेपरात आला, वर 'विशेष प्रतिनिधी'. तू तीन दिवस जेवला नाहीस. नंतर केजच्या एका पेन्शनर कारकुनानं तुझ्या कानात सांगितलं, लेख लिहिला की स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टरनं पाठवायचा आणि पाकीट जन्मात फोडायचं नाही. पोस्टाचा शिक्का म्हणजे सरकारी साक्षीदार, कोर्टात जज्जासमोर फोडायचं. तू ते ब्रह्मवाक्य धरून बसलास. पोस्टमन तुला हाक मारायचा, "बबरूभाऊ, तुमचं तुमाला आलंय, सही करा." सगळा पार हसायचा आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसायचो.

मी हसायचो कारण मला कायदा कळत होता ना! मोबाइलवर वाचून मी तुला शिकवायचो. लिहिलं त्या क्षणी हक्क लिहिणाऱ्याचा होतो. छापला म्हणून तो पेपराचा होत नाही, आपण तसं लिहून दिलं तरच होतो. आणि माहितीवर कुणाचाच हक्क नसतो, कल्पनेवर नसतो, हक्क असतो तो शब्दांवर, मांडणीवर. हे शेवटचं मी तुला किती वेळा ऐकवलं असेल! तू बाकड्यावर पाय वर घेऊन शेंगदाणे खात म्हणायचास, "म्हंजे माझ्या बापाच्या गोष्टीवर माझा हक्क न्हाई?" मी म्हणायचो, न्हाई, तू ज्या शब्दांत सांगतोस त्या शब्दांवर आहे.

तुझा बाप किसनबा. चकलांब्याकडचा, बैलबाजारातला दलाल. दोन्ही हात रुमालाखाली, बोटं धरून भाव ठरायचा आणि भोवती उभ्या माणसाला अक्षर कळायचं नाही. किसनबाच्या उजव्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं, कडबा कापायच्या अडकित्त्यात गेलेलं, म्हणून नवा व्यापारी त्याच्याशी भाव करताना हमखास चुकायचा आणि किसनबा रुमाल झटकून म्हणायचा, पुन्हा धर. ही गोष्ट तू माझ्या दुकानात किती वेळा सांगितलीस देव जाणे.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत मी त्यावर लेख लिहिला. एका चांगल्या दिवाळी अंकात आला. आयुष्यात पहिल्यांदा मला अनोळखी माणसांचे फोन आले. लातूरहून एक बाई रडल्या. सगळे एकाच वाक्याबद्दल बोलायचे: 'वर तोंडं पीकपाण्याचं बोलत असतात आणि रुमालाखाली एका घराचं वर्ष ठरत असतं.' आप्पा, हे तुम्हाला सुचलं कसं? मी म्हणायचो, सुचलं. काट्यावर बसल्या बसल्या सुचलं.

तू अंक वाचून आलास ती दुपार मला आठवते. बाकड्यावर बसला नाहीस. उभ्याउभ्याच म्हणालास, "आप्पा, ह्यो माझा लेख हाय."

"तुझा कसा? सांगितलं तू, लिहिलं मी."

"सांगितलं न्हाई बे, वाचून दाखवलंतं. हितंच बसून. कागद हातात हुते माझ्या."

"कवा?"

"तू तूरडाळ जोखीत हुतास तवा."

मी हसलो. वर तेच ऐकवलं, माहितीवर हक्क नसतो. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "शब्दाचं ऱ्हाऊ दे. माझ्या बापाला तू 'एक दलाल' केलंस. किसनबा म्हनाया तुझी जीभ झडली हुती का?"

मी चिडलो. दुकानात चार माणसं होती. मी सदऱ्यात हात घातला, गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं आणि म्हणालो, "लिंगावर हात ठेवून सांगतो, त्यात एक अक्षर तुझं न्हाई."

आम्हा लिंगायतांत ही शपथ कुणी घेत नाही, बबरू. माझ्या बापानं जमिनीच्या भांडणात घेतली नाही, सगळं गेलं तरी घेतली नाही. मी एका लेखासाठी घेतली. आणि घेताना मला ती खरीच वाटत होती, हे तुला सांगायचं राहून गेलं. तू माझ्या मुठीकडं बघितलंस, "बरं" म्हणालास आणि गेलास. आठ दिवसांनी पुन्हा यायला लागलास, तीनच्या ठोक्याला, शेंगदाणे खायला. मला वाटलं, पटलं तुला. त्या दिवसानंतर तू मला एकही लेख वाचून दाखवला नाहीस हे माझ्या ध्यानात आलं होतं. मी त्याबद्दल विचारलं नाही. विचारायची छातीच झाली नाही.

आता पुण्याच्या एका प्रकाशनाला तो लेख पुस्तकात घ्यायचाय. महाराष्ट्रातल्या बाजारांवरचं पुस्तक आहे म्हणे. संपादकबाईंनी फॉर्म पाठवला, 'सदर लेखन माझे स्वतःचे असून त्यावर अन्य कोणाचाही हक्क नाही'. खाली सही, शनिवारपर्यंत. तू गेल्याच्या आदल्या आठवड्यात आला तो. मी भरला, सही तेवढी राहू दिली, आणि तुला न दाखवता गल्ल्यात ठेवला. म्हणजे पेढे नेऊन सांगायचं सोडून मी तो तुझ्यापासून लपवला. तेव्हाच काहीतरी शिजत होतं माझ्या मनात.

आणि मग ते पाकीट. शिक्का पुसट झालाय, पण साल वाचता येतं. माझा लेख छापून यायच्या चार वर्षं आधीचं. दोन दिवस मी ते पिठाच्या डब्यावर ठेवलं, तिथून उचलून देव्हाऱ्यामागं ठेवलं, तिथं तर जास्तच भ्या वाटायला लागलं म्हणून पुन्हा दुकानात आणलं. सकाळी लिंगपूजेला बसलो की डोळे मिटायचे आणि डोळ्यांपुढं तुझी पेन्सिल यायची. आत नुसते मुद्दे असतील तर मी सुटलो. ते वाक्य असेल तर मी चोर, आणि नुसता चोर नाही, लिंगावर हात ठेवून खोटं बोललेला चोर. दुसराही विचार आला आणि तो त्याहून वाईट होता. ते वाक्य माझं नसेल, तर बाकीच्या वाक्यांचं काय? वीस वर्षं तू बाकड्यावर बोलत होतास आणि मी लिहीत होतो. माझ्यात माझं असं किती आहे?

शेवटी केजला वकिलाकडं गेलो. पाकीट बघून तो माणूस पोटभर हसला. म्हणाला, "आप्पा, ह्याला काही अर्थ नाही. उघडं पाकीटही पोस्टानं जातं आणि नंतर चिकटवता येतं. कोर्ट ह्याच्याकडं ढुंकून बघणार नाही." मी विचारलं, मग हक्क कुणाचा? तो म्हणाला, ज्यानं लिहिलं त्याचा, तो मेल्यावर साठ वर्षं वारसांचा. मग माझ्या तोंडाकडं बघून त्याला माझी दया आली असावी. आवाज खाली आणून म्हणाला, "आणि आप्पा, माणूस गेलाय. आता विचारणारं कोण आहे? सही करा आणि मोकळे व्हा."

बबरू, मला सगळ्यांत जास्त भीती ह्या वाक्याची वाटली. कारण ऐकल्याबरोबर मला बरं वाटलं. एक क्षण, पण अगदी छान बरं वाटलं. तू मेलास हे माझ्या सोयीचं झालं असं माझ्याच आत कुणीतरी म्हणालं. एसटीत परत येताना माझे हात थंड पडले होते. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, साखर कमी झाली का.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकान बंद करून पाकीट घेऊन तुझ्या घरी गेलो. वहिनींना म्हटलं, हे तुमच्यासमोर फोडायचंय, आणि तुम्हीच फोडायचं. वहिनींनी कात्री आणली, कड कापली आणि कागद माझ्या हातात दिले.

चार कागद, एकाच बाजूला लिहिलेले, डावीकडं समास सोडलेला. पहिली ओळ, 'माझे वडील किसनबा यांच्या उजव्या हाताला साडेचार बोटे होती.' वाक्य दुसऱ्याच पानावर होतं. तोंडं, पीकपाणी, रुमाल, घराचं वर्ष. तू ते मोठ्या झोकात न लिहिता मधेच टाकून दिलं होतंस, त्याच्यापुढं लगेच बैलांच्या दातांचं लिहिलं होतंस. मी ते उचलून शेवटी नेलं, एवढीच माझी मांडणी. आणखी दोन परिच्छेद जसेच्या तसे. शपथेवर सांगतो म्हणायची आता सोय नाही, पण लिहिताना मला आठवलं नव्हतं रे. ते माझ्या कानात राहिलं होतं आणि मला वाटलं, डोक्यातून आलं.

शेवटच्या पानाच्या समासात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. 'आप्पाला वाचून दाखवला. म्हणाला, हे कोण छापणार. राहू दे.'

मी म्हणालो होतो तसं. आता आठवलं. डाळ जोखताना मान वर न करता म्हणालो होतो. तू तो लेख कुणाला पाठवलाच नाहीस, का, तर आप्पाला आवडला नाही. आणि चार वर्षांनी त्याच आप्पानं तो छापून आणून वाहवा घेतली.

वहिनींना मी सगळं सांगितलं, काही राखलं नाही. त्या कागदावरून हात फिरवत होत्या. मी म्हटलं, त्याच्याकडं हे होतं, मग त्या दिवशी आणून माझ्या तोंडावर का नाही फेकलं?

"म्या बी म्हनलंतं," वहिनी म्हणाल्या. "घरी येऊन लई तळमळले. म्या म्हनलं, पाकीट हाय न्हवं तुमच्यापाशी, चार मानसांत फोडा एकदाचं. तर म्हनले, न्हाई. आप्पानं लिंगावर हात ठिवलाय. म्या फोडलं तर त्याची शपथ खोटी पडंल. ऱ्हाऊ दे."

बबरू, तू भांडायचं होतंस रे. शिव्या द्यायच्या होत्यास, बाकडं उलथं करायचं होतंस. तू लेख सोडलास, बापाचं नाव सोडलंस आणि माझ्या दुकानात शेंगदाणे खात बसलास, मी खोटा पडू नये म्हणून. एवढं उपकाराचं ओझं कुणी मागितलं होतं? मला राग येतोय तुझा. रडूही येतंय. आणि वीस वर्षं असा माणूस रोज तीन वाजता माझ्या दारात येत होता म्हणून हात जोडावेसेही वाटतात, पण ते आता कुणापुढं जोडू?

त्याच दुपारी पुण्याला फोन केला. संपादकबाईंना सांगितलं, लेख माझा नाही. मग त्यांनी नीट विचारून घेतलं, मूळ लेख आहे का, लेखक कोण, वारस कोण. म्हणाल्या, "दिवाळी अंकाच्या संपादकांनाही कळवावं लागेल. तुमच्या नावाला बट्टा लागेल, ह्याची कल्पना आहे ना?" म्हटलं, आहे. ज्या चौघांसमोर शपथ घेतली त्यांच्यातले तिघं अजून रोज दुकानात येतात. त्यातल्या एकाला सांगून झालंय. तो तेल घेऊन गेला. लातूरच्या बाईंना पत्र लिहायचंय. हा मजकूरही छापायला पाठवणार आहे. मठातल्या स्वामींपुढं जाऊन शपथेचं काय करायचं ते विचारायचंय, अजून धीर झालेला नाही.

तुझा लेख मी मोबाइलवर टाइप केला. तीन दिवस लागले. एक वाक्य मला बदलावंसं वाटलं, हात शिवशिवला, पण नाही बदललं. किसनबाचं नाव अकरा वेळा येतं.

शुक्रवारी नवा फॉर्म आला. तो घेऊन तुझ्या घरी गेलो. वहिनी ओसरीवर बसल्या, मी गुडघ्यावर पुठ्ठा ठेवून भरायला लागलो. लेखाचे शीर्षक भरलं. लेखकाचे नाव, तुझं पूर्ण नाव, मधे किसन. वारसाचे नाव, पत्ता. वहिनींनी सावकाश सही केली. मग वर एक ओळ राहिलेली दिसली. 'लेखक हयात आहे: होय / नाही. लागू नसेल ते खोडावे.' माझ्या नावाच्या फॉर्मवर हीच ओळ होती, आणि मी तिथं न बघता 'नाही' खोडून टाकलं होतं. आता पेन टेकवला आणि हात पुढं सरकेना. लेखकाच्या रकान्यात तुझं नाव मी पहिल्यांदाच लिहिलं होतं.

"ऱ्हायलं का काय, आप्पा?" वहिनींनी विचारलं.

"एक शब्द खोडायचाय फक्त."

त्या वाकल्या, ओळीवर बोट ठेवून वाचलं, आणि माझ्या हातातून पेन घेऊन 'होय' त्यांनी खोडलं.